राखणदारांची राखण



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा ‘वॉचमेन’ नावाच्या एका कॉमिकवर बोलू, असे आम्ही कळविले. चिटणीस सभ्य गृहस्थ आहेत. ते हसले नाहीत. ‘कॉमिक म्हणजे मुलांची चित्रांची पुस्तके, तीच ना?’ एवढेच त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, ‘तीच. पण हे पुस्तक मुलांच्या हाती देण्याजोगे नाही, आणि मोठ्यांच्या हाती दिले तर त्यांची झोप उडेल.’ यावर त्यांनी विषय छापून टाकला.

हे पुस्तक आमच्याकडे आले ते आमच्या भाच्यामुळे. आमच्या लहानपणीचा मुखवटेधारी वीर म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. तो दुष्टांच्या जबड्यावर ठोसा लगावी, जबड्यावर कवटीची खूण उमटे, आणि आमच्या मनातले सगळे प्रश्न त्या ठोशासरशी सुटत. भाच्याने हे जाडजूड पुस्तक पुढे ठेवले, तेव्हा असाच काहीतरी प्रकार असेल म्हणून आम्ही ते हाती घेतले. चार दिवसांनी परत द्यायला गेलो, तर तो म्हणाला, ‘मामा, शेवटी एकच सांगा. तुम्ही तिथे असता, तर बोलला असता, की गप्प बसला असता?’ आम्हांला उत्तर देता आले नाही. त्या न दिलेल्या उत्तराचा शोध म्हणजे हे व्याख्यान, असे समजावे.

प्रथम पुस्तकाची ओळख. ‘वॉचमेन’ १९८६ आणि १९८७ या दोन वर्षांत बारा अंकांतून निघाले. लेखक इंग्लंडमधील अ‍ॅलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स, रंग जॉन हिगिन्स यांचे, आणि प्रकाशक अमेरिकेतील डीसी कॉमिक्स, म्हणजे सुपरमॅन आणि बॅटमॅन ज्यांचे, तेच. पुढे ते एका जिल्दीत आले, २००९ साली त्यावर चित्रपट निघाला, २०१९ साली त्याच जगाची पुढची हकीकत सांगणारी दूरचित्रवाणी मालिका झाली. नावात एक कोडे आहे. राखण करणाऱ्यांची राखण कोणी करायची, हा जुव्हेनल या रोमन उपरोधकाराचा जुना प्रश्न. पुस्तकात न्यूयॉर्कच्या भिंतींवर तो रंगाने लिहिलेला दिसतो. पण कुठे अर्धा खांबाआड, कुठे चौकटीच्या कडेने तोडलेला. संपूर्ण वाक्य एकाही चौकटीत दिसत नाही. वाक्य पुरे करायचे काम वाचकाकडे सोपविलेले आहे. हे ध्यानात ठेवावे. शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

आता कथा. काळ १९८५ सालचा, पण इतिहासापेक्षा थोडा निराळा. या जगात अमेरिकेने व्हिएतनामचे युद्ध जिंकलेले आहे आणि रिचर्ड निक्सन अजून अध्यक्षपदावर आहेत. याचे कारण डॉ. मॅनहॅटन. हा मूळचा जॉन ऑस्टरमन, घड्याळजीचा मुलगा. हिरोशिमावर बॉम्ब पडल्याची बातमी वाचून बापाने घड्याळाचे सुटे भाग खिडकीतून भिरकावले आणि मुलाला अणुशास्त्राकडे वळविले. १९५९ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याचे शरीर विदीर्ण झाले, आणि काही महिन्यांनी तो निळ्या तेजाचा होऊन परत आला. पदार्थाचा कण अन् कण त्याच्या आज्ञेत आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य तो एकदमच पाहतो. ज्या योजनेतून अणुबॉम्ब निघाला, तिचेच नाव त्याला दिलेले आहे. तो अमेरिकेच्या बाजूचा, म्हणून रशिया दबलेला. आणि तो निघून गेला, तर उभे जग पेटणार.

बाकीचे वीर साधी माणसे आहेत. त्यांना १९७७ च्या कायद्याने बंदी केलेली आहे. डॅन ड्रायबर्ग, जो एके काळी नाइट आऊल होता, तो आता पोट सुटलेला, एकाकी गृहस्थ आहे. लॉरी आईच्या हट्टापायी या धंद्यात आलेली. कॉमेडियन हा सरकारच्या पदरी राहून रक्त सांडणारा. रोर्शाक बंदी मोडून अजून रात्रीचा हिंडणारा. आणि एड्रियन व्हाइट, ऊर्फ ओझिमँडियस, जगातला सर्वांत बुद्धिमान पुरुष; त्याने मुखवटा आपणहून उतरविला आणि कोट्यधीश झाला. कॉमेडियनचा खून होतो येथे कथा सुरू होते. रोर्शाक त्या खुनाचा माग काढू लागतो आणि तो माग दक्षिण ध्रुवापाशी ओझिमँडियसच्या घरात जाऊन पोचतो.

तेथे जे उघडकीस येते ते असे. अणुयुद्ध अटळ आहे, असा ओझिमँडियसचा हिशेब झालेला आहे. ते टाळायचे तर दोन्ही महासत्तांना एक तिसरा, परका शत्रू दाखविला पाहिजे. म्हणून त्याने शास्त्रज्ञ आणि कलावंत यांच्याकडून एक प्रचंड राक्षसी प्राणी घडविला आणि मध्यरात्रीच्या ठोक्याला तो न्यूयॉर्कच्या मध्यभागी आणून सोडला. प्राणी येताक्षणीच मेला, पण मरताना निम्मे शहर घेऊन गेला. परग्रहावरून हल्ला झाला, असे जगाने मानले. काही तासांत अमेरिका आणि रशिया यांनी शस्त्रे खाली ठेवली. आणि हे सारे वीर त्याला थांबवायला पोचले, तेव्हा कृत्य घडून अर्धा तास उलटून गेलेला होता.

श्रोतेहो, पेच कसा आहे पाहा. आता खरे सांगितले तर मेलेले परत येत नाहीत. उलट दोन सत्ता पुन्हा एकमेकींच्या नरड्याला लागतील आणि लाखो मेले ते फुकट जातील. न सांगावे तर एवढ्या हत्येचा कर्ता मोकळा राहतो आणि जगाची शांती एका लबाडीवर उभी राहते. डॅन आणि लॉरी गप्प राहण्याचे कबूल करतात. डॉ. मॅनहॅटनही करतो. रोर्शाक करीत नाही. तो बर्फातून चालू लागतो. मॅनहॅटन त्याची वाट अडवितो, रोर्शाक मुखवटा काढतो, रडत रडत ‘काय करायचे ते करून टाक’ असे सांगतो, आणि बर्फावर एक वाफाळता लाल डाग तेवढा उरतो.

यांपैकी बरोबर कोण? भाच्याच्या मते रोर्शाक. असे म्हणणारे वाचक जगभर पुष्कळ आहेत. इतके, की पुढे मूर यांनाच त्याची काळजी वाटू लागली. तेव्हा दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट तपासू. त्यासाठी पुस्तकातल्या चिन्हांचा आधार घेऊ. कारण या पुस्तकात पात्रे जे तोंडाने बोलत नाहीत, ते चित्रे बोलतात.

पहिले चिन्ह पहिल्याच चौकटीत आहे: पिवळा, वाटोळा, हसरा बिल्ला. हा चेहरा हार्व्हे बॉल या चित्रकाराने १९६३ साली एका विमा कंपनीच्या नोकरांना खूश ठेवण्यासाठी काढला होता. येथे तो खून झालेल्या कॉमेडियनचा आहे आणि त्याच्या डोळ्यावर रक्ताचा ओघळ आलेला आहे. ओघळ घड्याळाच्या काट्यासारखा तिरपा आहे, आणि बारा वाजायला थोडा अवकाश आहे. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस खरोखरीचे घड्याळ काढलेले आहे. काटा प्रकरणागणिक मिनिटामिनिटाने पुढे सरकतो आणि वरून रक्त खाली उतरत येते. ही कल्पना अमेरिकेतील अणुशास्त्रज्ञांच्या ‘बुलेटिन’मधली. त्यांनी १९४७ साली मुखपृष्ठावर असे घड्याळ छापले, तेव्हा बाराला सात मिनिटे कमी होती. १९८४ साली त्यांनी काटा तीन मिनिटांवर आणला. मूर आणि गिबन्स काम करीत होते ते या तीन मिनिटांत. त्यांची भीती कागदावर रचलेली नव्हती.

दुसरे चिन्ह रोर्शाकचा मुखवटा. हर्मन रोर्शाक हे स्विस मनोवैद्य. त्यांनी १९२१ साली शाईच्या डागांची दहा चित्रे प्रसिद्ध केली. डागात रोग्याला काय दिसते, यावरून त्याचे मन ओळखायचे. आपल्या वीराच्या मुखवट्यावर असेच काळे-पांढरे डाग सरकत असतात. काळे आणि पांढरे, मिसळून करडे कधी होत नाहीत. हेच त्याचे नीतिशास्त्र. पण गंमत अशी, की डागाला स्वतःचा अर्थ नसतो; अर्थ पाहणाऱ्याचा असतो. ज्याला आपण धर्माचा निखळ आरसा समजतो, त्यात आपलेच तोंड दिसते.

या मुखवट्याच्या कापडाला इतिहास आहे. रोर्शाक शिवणाच्या कारखान्यात कामाला असताना एका तरुणीने हा कपडा करावयास सांगितला आणि नेला नाही. पुढे १९६४ च्या मार्चमध्ये त्याने वर्तमानपत्रात वाचले, की तिचा तिच्या घराबाहेर खून झाला आणि अडतीस शेजारी नुसते पाहत राहिले. किटी जेनोव्हीझचा हा खून न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष घडलेला आहे. मनुष्यजातीची लाज वाटून त्याने त्या कापडाचा चेहरा करून घेतला. आता पाहा: अडतीस जण पाहत राहिले ही हकीकत वर्तमानपत्राने अतिशय फुगविलेली होती, हे पुढे सिद्ध झाले. सबंध हल्ला पाहणारे इतके कोणी नव्हते; एक शेजारीण तर तिच्यापाशी धावून गेली होती. सत्यासाठी मरणाऱ्या माणसाचे आद्य सत्य अर्धवट खोटे होते. मूर यांना हे १९८६ साली ठाऊक होते की नाही, याला महत्त्व नाही. आज वाचताना ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि दुसरी गोष्ट अधिक बोलकी. सहाव्या प्रकरणाला रोर्शाकच्या बालपणीची काही कागदपत्रे जोडलेली आहेत. त्यांत त्याने शाळकरी वयात लिहिलेला एक निबंध आहे. त्यात तो अध्यक्ष ट्रुमन यांची स्तुती करतो. का, तर त्यांनी जपानवर बॉम्ब टाकून पुढचे युद्ध वाचविले आणि लाखो जीव वाचविले. हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? ओझिमँडियसचा जो युक्तिवाद, तोच हा, अक्षरशः तोच. मुलगा असताना ज्या हिशेबाला त्याने मान डोलविली, तोच हिशेब प्रौढपणी न्यूयॉर्कला लावलेला पाहताच तो प्राण देतो, पण मान्य करीत नाही. आपल्या गावाचे लोक मेले म्हणजे गणित चुकते, दुसऱ्याच्या गावाचे मेले म्हणजे बरोबर येते! पुस्तकभर न्यूयॉर्कच्या भिंतींवर दोन मिठीतल्या माणसांच्या काळ्या आकृत्या रंगविलेल्या दिसतात. हिरोशिमात माणसे जळून गेली आणि त्यांच्या सावल्या दगडावर उरल्या, त्यांची ती आठवण आहे. हा प्रश्न १९४५ चाच आहे, हे चित्रकार पानोपानी सांगतो आहे.

आता आपल्या घरच्या शास्त्राकडे वळू. कारण या पेचावर आपल्याकडे फार पूर्वी विचार झालेला आहे. कर्णपर्वात प्रसंग आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचे डोके उडवीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. आणि नेमके युधिष्ठिरच रागाच्या भरात तसे बोलतो. अर्जुन तलवार उपसून थोरल्या भावावर उठतो. हा अर्जुनातला रोर्शाक. तेव्हा श्रीकृष्ण त्याला दोन गोष्टी सांगतो. एक कौशिक ब्राह्मणाची. याचे व्रत सत्य बोलण्याचे. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे रानात लपली; दरोडेखोरांनी कौशिकाला विचारले; त्याने खरे ते सांगितले. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. दुसरी बलाक व्याधाची. त्याने एका आंधळ्या श्वापदाला मारले, आणि त्याच्यावर पुष्पवृष्टी झाली. कारण ते श्वापद सर्व प्राण्यांचा नाश करण्यास निघालेले होते. लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात सत्याच्या अपवादांचा हाच खल केला आहे, आणि त्यात पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांनाही साक्षीला बोलाविले आहे.

वरवर पाहता कृष्णाच्या या दोन्ही गोष्टी ओझिमँडियसच्या बाजूने पडतात. तो म्हणेल, ‘मी बलाक, मी एक मारून सारे वाचविले. आणि रोर्शाक हा कौशिक. त्याच्या सत्याने सारे मरतील.’ आम्हांलाही प्रथम असेच वाटले, आणि म्हणूनच भाच्यापुढे आमची वाचा बसली. पण गोष्टी नीट वाचल्या म्हणजे फरक दिसतो. बलाकाने मारले ते संहार करणाऱ्या श्वापदालाच. ओझिमँडियसने मारले ते वर्तमानपत्र विकणाऱ्याला, टॅक्सी हाकणाऱ्याला, ज्यांनी कोणाचे काही केले नव्हते त्यांना. आणि कौशिकाने गप्प बसायला हवे होते ते कोणापासून? मारेकऱ्यापासून. येथे गप्प बसा म्हणून विनविणारा स्वतःच मारेकरी आहे! कौशिकाचे मौन लपलेल्यांना वाचविणारे झाले असते. डॅन आणि लॉरी यांचे मौन वाचलेल्या जगाला झाकते, पण त्याच पांघरुणाखाली मारणाराही झाकला जातो. अपवादाचा लाभ ज्याने संकट निर्माण केले त्यालाच मिळावा, असे कृष्ण कोठेही सांगत नाही.

शिवाय त्या लबाडीचा खर्च पाहा. आपण म्हणतो, ‘एकदाच एवढे मोठे पाप, मग कायमची शांती.’ तसे होते का? कॉमेडियनला त्या गुप्त बेटाचा सुगावा लागला, म्हणून तो मेला. प्राणी घडविणारे कलावंत आणि शास्त्रज्ञ जहाजासकट उडविले गेले. ओझिमँडियसच्या घरचे तीन सेवक, ज्यांनी त्याची जन्मभर चाकरी केली, त्यांना त्याने स्वतःच्या हाताने विषाचा पेला दिला. शेवटी रोर्शाक. आणि रोर्शाकनेही कोठे काही लिहून ठेवले असेल तर? मग आणखी कोणी. खोट्याच्या दारावर पहारा ठेवावाच लागतो, आणि त्या पहारेकऱ्यावर दुसरा पहारेकरी. हिशेबाच्या वहीत जमेच्या बाजूला शांती एकदाच मांडलेली आहे. खर्चाची बाजू मात्र कधी बंद होत नाही.

हे ओझिमँडियसलाही कळते, असे आम्हांला वाटते, आणि त्याला पुस्तकात पुरावा आहे. चौकातल्या वर्तमानपत्रांच्या दुकानाला टेकून एक पोरगा सगळ्या कथेभर एक चाच्यांचे कॉमिक वाचीत बसलेला आहे. त्यात जहाज फुटून वाचलेला एक खलाशी आहे. काळे जहाज आपल्या गावावर चालून जात आहे, गावाला सावध केले पाहिजे, या ध्यासाने तो मेलेल्या सोबत्यांच्या प्रेतांचा तराफा करतो आणि त्यावरून समुद्र तरून जातो. किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचे मन इतके भ्रमलेले असते, की गाव शत्रूने घेतले आहे असे समजून तो निरपराध माणसांना मारतो आणि अंधारात आपल्याच बायकोवर हात टाकतो. गाव सुखरूप असते. काळे जहाज आलेले असते ते त्यालाच न्यायला. शेवटच्या प्रकरणात ओझिमँडियस मॅनहॅटनला सांगू लागतो, की आपल्याला रोज रात्री पोहत जाण्याचे एक भयंकर स्वप्न पडते; आणि वाक्य अर्धवट सोडतो. प्रेतांच्या तराफ्यावर बसून कोणी घरी पोचत नाही, ही या पोरखेळाच्या कॉमिकातली शिकवण आहे. पुढे तो विचारतो, की शेवटी माझे बरोबरच झाले ना? मॅनहॅटनचे उत्तर एवढेच, की शेवट असा कशाचाच होत नसतो. आणि त्याने धारण केलेले नाव तरी कोणाचे? ओझिमँडियस हे दुसऱ्या रामेसिसचे ग्रीक नाव. शेलीच्या सुनीतामुळे ते वाळवंटात मोडून पडलेल्या पुतळ्याचे नाव म्हणून जगाला माहीत आहे. त्याने नाव उचलले, पुतळा पुढे मोडला हे मात्र मनावर घेतले नाही.

यावर कोणी श्रोता उठून विचारील, आणि विचारलेच पाहिजे: ‘सगळे खरे. पण युद्ध खरोखर अटळ असते तर? मग तुम्ही काय केले असते?’ या प्रश्नाला इतिहासाने दिलेले उत्तर आहे. शेवटच्या अंकावर १९८७ च्या ऑक्टोबरची तारीख आहे. त्याच वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टनला रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी एका करारावर सह्या केल्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सुटणारी सारी क्षेपणास्त्रे त्याने मोडीत काढली. १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. आणि हे कोणत्या राक्षसाच्या भयाने झाले? नाही. अमेरिकेचे निरीक्षक रशियातल्या वोत्किन्स्क येथील कारखान्याच्या दाराशी जाऊन बसले, आणि रशियाचे निरीक्षक यूटा संस्थानातल्या मॅग्ना येथे. राखणदारांची राखण कशी करायची, याचे हे दोन देशांनी दिलेले उत्तर. ते रुक्ष होते, कटकटीचे होते, पण उघड्यावर होते. त्याआधी, १२ जून १९८२ रोजी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सुमारे दहा लाख माणसे अण्वस्त्रांविरुद्ध जमली होती. ज्या शहराला ओझिमँडियस बळी म्हणून निवडतो, त्या शहराची माणसे स्वतःच्या पायांनी चालत येऊन म्हणत होती, की आम्हांला विचारा. युद्ध ‘अटळ’ आहे असे जो सांगतो, त्याने लोकांना विचारलेले नसते. हा अनुभव लक्षात ठेवावा. तो करार २०१९ साली मोडला, हेही सांगितले पाहिजे. उघड्यावरची शांती रोज नव्याने जपावी लागते. पण लबाडीची शांती तर जपता येतच नाही. ती फक्त लपविता येते.

मग पुस्तकाचे स्वतःचे उत्तर कोठे आहे? सगळे वाचक दक्षिण ध्रुवावरच्या वादात ते शोधतात. आमच्या मते ते तेथे नाही. ते न्यूयॉर्कच्या त्या चौकात आहे.

त्या चौकात माल्कम लाँग नावाचा मनोवैद्य आहे. तुरुंगात त्याने रोर्शाकला डागांची चित्रे दाखविली. शेवटी त्याला स्वतःलाच डागात काळोख दिसू लागला. संसार विसकटला. त्या शेवटच्या रात्री बायको समेट करायला आलेली आहे, आणि एवढ्यात रस्त्यावर एक बाई दुसरीला मारू लागते. बायको म्हणते, ‘तुम्ही तिकडे गेलात तर मी कायमची जाते.’ तो तिची क्षमा मागतो आणि भांडण सोडवायला धावतो. जगाकडे पाठ करता येत नाही, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. त्याच्यामागून दुसरेही दोघेचौघे धावतात. कोणाच्या अंगावर मुखवटा नाही. आणि त्याच क्षणी पांढरा उजेड पसरतो. पेपरवाला म्हातारा, ज्याने पोरावर आयुष्यभर खेकसण्यापलीकडे काही केले नाही, तो झेपावून त्याला पोटाशी धरतो. काही वेळापूर्वीच दोघांना कळलेले असते, की दोघांचे नाव एकच, बर्नार्ड. दोन आकृती एक होतात, काळी सावली होते, आणि मग काही उरत नाही. भिंतीवर रंगविलेले हिरोशिमाचे ते जोडपे हेच होते, हे आपल्याला आता उमगते.

पुढचे प्रकरण उघडले म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. पुस्तकाची बहुतेक पाने नऊ नऊ चौकटींत बसविलेली आहेत, घड्याळाच्या यंत्रासारखी नेमकी. येथे मात्र ओळीने सहा पाने चौकट नाही. पानभर एकेक चित्र, आणि चित्रात प्रेते. ज्या माणसांना आपण अकरा प्रकरणे ओळखले, तीच. ओझिमँडियसने ‘निम्मे शहर’ म्हटले. चित्रकाराने त्या आकड्याला पुन्हा चेहरे दिले. आम्हांला वाटते, की या पुस्तकातला सर्वांत मोठा नैतिक युक्तिवाद या सहा पानांत आहे, आणि तो करायला शब्दांची जवळजवळ गरज पडलेली नाही.

ओझिमँडियस माणसांना मोजतो. रोर्शाक त्यांना तोलतो आणि हिणकस ठरवितो. मॅनहॅटन त्यांना मंगळावरून पाहतो. तिघांना एकेक गोष्ट दिसत नाही, आणि ती म्हणजे समोरचा माणूस. लाँगला तेवढीच दिसते. तिघांच्या ताकदीपुढे तो शून्य, तो काही वाचवू शकला नाही. तरी त्या रात्री धर्म कोठे होता असे कोणी विचारले, तर आम्ही त्या चौकाकडे बोट दाखवू.

आता भाच्याचे उत्तर. पुस्तकाची अखेर एका खालच्या दर्जाच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत होते. रोर्शाकने निघण्यापूर्वी आपली रोजनिशी टपालाने तेथे पाठविलेली आहे. ती रद्दीच्या चळतीत पडली आहे. छातीवर हसऱ्या चेहऱ्याचे चित्र असलेला शर्ट घातलेला एक उमेदवार पोरगा जेवता जेवता त्या चळतीकडे हात नेतो. शर्टावर टोमॅटोच्या चटणीचा डाग पडलेला आहे, नेमका पहिल्या चौकटीतल्या रक्ताच्या जागी. तो ती वही उचलील का? पुस्तक येथे थांबते. निवाडा त्या पोराच्या हाती, म्हणजे आपल्या हाती दिलेला आहे. भिंतीवरचे अर्धे वाक्य आपण पुरे करायचे ते असे.

आम्ही भाच्याला लिहिले: ‘आम्ही त्या रात्री, त्या बर्फात, बहुधा गप्प बसलो असतो. आम्ही डॅनसारखे भित्रे आणि पोट सुटलेले गृहस्थ आहोत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांला त्या शांतीचा चहा गोड लागला नसता. मेलेल्यांचे मरण कशाने झाले हे जाणण्याचा हक्क जिवंत राहिलेल्यांचा असतो. तो आमच्या भल्यासाठी म्हणून कोणी काढून घेतला, तर तो आमचा राखणदार नव्हे, मालक झाला. म्हणून केव्हा तरी आम्ही बोललो असतो; रोर्शाकसारखे जग जळाले तरी चालेल म्हणून नव्हे, तर जग न जळता हे सत्य त्याला कसे सोसेल, याची वाट शोधून बोललो असतो.’ उत्तर उशिरा गेले. अपुरेही आहे, हे आम्ही जाणतो. भाच्याने उलट टपाली लिहिले, ‘मामा, केव्हा तरी म्हणजे केव्हा?’ या प्रश्नावर आम्ही अजून अडलेलो आहो.

‘बुलेटिन’च्या शास्त्रज्ञांनी २०२५ च्या जानेवारीत आपले घड्याळ बाराला ८९ सेकंद कमी असे लावले. असा काटा पाहून कोणीतरी बुद्धिमान पुरुष पुन्हा उभा राहील आणि म्हणेल, ‘मला विचारू नका, मी तुम्हांला वाचवितो.’ मुखवटा असेल किंवा नसेल. त्या वेळी घरातून बाहेर येऊन त्याला दोन प्रश्न विचारणारी माणसे चौकात असली पाहिजेत. व्याख्यानमाला चालतात त्या कशासाठी? चार माणसांनी एकत्र बसून प्रश्न विचारण्याची सवय मोडू नये, यासाठीच. ती सवय आपण जपता, म्हणून एका कॉमिकवरचे हे बोलणे आपण एवढ्या शांतपणे ऐकून घेतलेत.